इसार देण्याआधी घराला विचारा

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सभासद व कुटुंबीयांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संस्थेला पंचवीस वर्षं पूर्ण झाली, त्याबद्दल सर्वांचं मनापासून अभिनंदन. समितीने मला ‘घर’ या विषयावर बोला असं सांगितलं. विषय मोठा आहे आणि यानंतर जेवण आहे, म्हणून त्यातला एकच तुकडा घेतो. माझी नोकरी बांधकामात गेली, त्यामुळे लोक मला एक प्रश्न नेहमी विचारतात. “भाऊ, जुन्या गावातलं अमुक घर विकायला निघालं आहे. सगळं सागवान आहे. भिंती दीड-दीड हात जाड आहेत. घेऊ का?”

हा प्रश्न आता जास्त येतो, त्याला कारण आहे. आपण इथे प्लॉट घेतले तेव्हा मुलं लहान होती. ती मोठी झाली, त्यांचे संसार झाले, एका घरात दोन चुली मावेनात. आपल्या शिवारात ड्राय पोर्टचं काम निघाल्यापासून जागेचा विषय प्रत्येक ओट्यावर निघतो. दुसरीकडे जुन्या गावातल्या मोठ्या घरांचे वारस नागपूर-पुण्याला गेले. घराला कुलूप, अंगणात गवत. त्यांना विकायचं आहे, आपल्या मुलांना घ्यायचं आहे. यात वाईट काही नाही. जुनं घर नांदतं राहावं असंच मलाही वाटतं.

माझं उत्तर ठरलेलं आहे. मी ‘घ्या’ म्हणत नाही, ‘घेऊ नका’ही म्हणत नाही. मी म्हणतो, इसार देण्याआधी घर तपासून घ्या. खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत, ही आपली जुनी शिकवण आहे आणि ती बरोबर आहे. पण घ्यायच्या घरचे वासे मोजलेच पाहिजेत. एक एक करून, टकटक वाजवून.

आपण काय तपासतो, काय तपासत नाही

घर घेताना आपण तपासत नाही असं नाही. आखीव पत्रिका पाहतो. जागा नझूलची आहे का, गावठाणातली आहे का, ते विचारतो. वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट काढतो. नगर परिषदेचा कर थकला आहे का ते पाहतो. दार कोणत्या दिशेला, हेही पाहतो. मुहूर्तासाठी पंचांग उघडतो. इतकं सगळं पाहतो, पण ज्या भिंतीखाली लेकरं झोपणार, ती भिंत सरळ उभी आहे का, हे ओळंबा लावून कोणी पाहत नाही.

काही जण म्हणतात, “बँकेचा माणूस येऊन पाहून गेला ना!” इथे मोठा गैरसमज आहे. बँकेचा मूल्यांकनकार जागेची किंमत काढायला येतो. कर्ज बुडालं तर त्या मालमत्तेतून किती वसूल होईल, हा बँकेचा प्रश्न असतो. मयाल किडला आहे का, हा तिचा प्रश्न नसतो. मूल्यांकनाचा कागद म्हणजे घराच्या तब्येतीचा दाखला नव्हे.

कायदा काय म्हणतो? मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ प्रमाणे विक्रेत्याने मालमत्तेतला महत्त्वाचा दोष घेणाऱ्याला सांगायला हवा. पण कोणता दोष? जो विक्रेत्याला माहीत आहे, घेणाऱ्याला माहीत नाही आणि साधारण काळजी घेऊनही त्याला सापडला नसता, असा. म्हणजे डोळ्यांसमोरची भेग तुम्ही पाहिलीच नाही, तर पुढे तक्रारीला जागा फार थोडी राहते. नव्या प्रकल्पात रेरा कायद्याने बांधकामातल्या दोषांची ५ वर्षांची जबाबदारी बिल्डरवर टाकली आहे. वारसांकडून घेतलेल्या आजोबांच्या घराला ती लागू होत नाही. तिथे आपणच डोळे उघडे ठेवायचे.

ही घरं उभी कशी आहेत

आपल्या भागातली जुनी घरं समजून घेतल्याशिवाय ती तपासता येत नाहीत. १८६७ साली नागपूरपर्यंत रेल्वे आली आणि या मार्गावरच्या गावांमध्ये कापसाचा पैसा आला. मालगुजारांचे वाडे होतेच, त्यांच्या जोडीला व्यापाऱ्यांची माडीची घरं झाली. बांधकाम साधारण सारखंच. दगडाचं जोतं. त्यावर तळखडे, म्हणजे खांबाखालचे घडीव दगड. तळखड्यावर सागवानी खांब, खांबांवर मयाल, मयालावर फाटे आणि वर कवेलू. भिंती मातीच्या किंवा कच्च्या विटांच्या, कुठे बाहेरून भाजक्या विटांची फळी, जोडायला मातीचा गारा किंवा चुना.

चांगल्या जुन्या घरात छपराचं ओझं खांबांवर असतं आणि भिंत फक्त आडोसा असते. साध्या घरात मयालाचं टोक सरळ भिंतीतच बसवलेलं असतं, म्हणजे भिंतच ओझं वाहते. घर घेताना पहिला प्रश्न हाच विचारायचा की छप्पर कोणी उचलून धरलं आहे, खांबाने की भिंतीने?

हा प्रश्न पुस्तकी नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवा. आदल्या दिवशी गणपतीचं विसर्जन झालं होतं. पहाटे चारच्या सुमारास किल्लारीला भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबाद भागात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. तिथल्या भिंती दगड-मातीच्या, अडीच-तीन फूट जाड. बाहेरून पाहता किल्लाच. पण भिंतीचे दोन्ही चेहरे वेगवेगळे रचलेले, मध्ये चिपा आणि माती भरलेली, आणि दोन्ही चेहऱ्यांना बांधून ठेवणारे आरपार दगड नाहीत. वर धाब्यासाठी मातीचा जाड थर. जमीन हलली, भिंतीचे दोन चेहरे फाकले आणि माती-दगड झोपलेल्या माणसांवर आले. ज्या घरांत लाकडी खांबांची चौकट छप्पर पेलत होती, तिथे अनेक ठिकाणी भिंती बाहेर पडल्या पण चौकट उभी राहिली. आणि हे लक्षात ठेवा, त्या वेळच्या भूकंप-नकाशात तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. जाड भिंत म्हणजे मजबूत भिंत, हा समज त्या पहाटे खोटा ठरला.

माती म्हणजे कच्चं, असंही मात्र नाही. इथून जवळच सेवाग्राम आहे. गांधीजी १९३६ साली तिथे राहायला आले. घराला ५०० रुपयांच्या वर खर्च नको आणि सामान आसपासच्या गावांतलं हवं, ही त्यांची अट होती. माती, बांबू, लाकूड आणि कवेलू यांत आदी निवास झालं, बापू कुटी झाली. आज नव्वदीच्या घरात असलेली ती घरं आपण मुलांना दाखवायला नेतो. ती टिकली ती मातीच्या चमत्काराने नव्हे. वर छप्पर धड आहे, पायाशी पाणी साचू दिलं जात नाही आणि लिंपण चुकत नाही, म्हणून टिकली. मातीच्या घराला डोक्यावर चांगली टोपी आणि पायात कोरडा जोडा हवा. तपासणी म्हणजे ही टोपी आणि हा जोडा पाहणं.

तपासणी खालून वर

पहिली जमीन. आपल्याकडे कापसाची काळी माती. पिकाला सोनं, पायाला वैरी. पाणी प्याली की फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाया त्या मातीतच थांबला असेल, खाली मुरमापर्यंत गेला नसेल, तर घर दरवर्षी थोडं वर-खाली होतं. अशा घरात खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा निघतात. मे महिन्यात मोठ्या दिसतात, पावसाळ्यात मिटतात. म्हणून जमलं तर घर दोनदा पाहा, एकदा उन्हाळ्यात आणि एकदा झडीच्या दिवसांत. दिवाळीच्या रंगात पाहिलेलं घर खरं बोलत नाही. पाया किती खोल आहे हे पाहायला भिंतीला लागून एक लहान खड्डा खणावा लागतो. मालकाची परवानगी घ्यायची. खणू देत नसेल तर तेही एक उत्तरच समजायचं.

जमिनीखाली आणखी काय आहे, ते म्हाताऱ्या माणसांना विचारा. जुन्या घरांत धान्याचं पेव असायचं. काही वाड्यांत आतच विहीर असायची. पुढे पेव वरवर माती टाकून बुजवलं, त्यावर फरशी बसवली, आणि आता नेमकी तिथेच फरशी दबते. न्हाणीचं सांडपाणी कुठे जातं, तेही पाहा. अनेक घरांत ते वर्षानुवर्षं पायाशीच मुरत असतं.

दुसरी भिंत. ओळंबा धरा. भिंतीला पोट आलं आहे का पाहा. मुठीने वाजवा. भरीव आवाज आणि पोकळ आवाज यांतला फरक लहान मुलालाही कळतो. पोकळ वाजली तर आतले दोन थर सुटले असतील किंवा गिलावा सुटला असेल. भेगा पाहताना घाबरायचं नाही आणि दुर्लक्षही करायचं नाही. गिलाव्यातली केसासारखी भेग वेगळी, आणि विटांच्या सांध्यांतून जिन्यासारखी चढत गेलेली भेग वेगळी. ५ मिलिमीटरहून रुंद भेग दिसली की अभियंत्याला दाखवल्याशिवाय पुढे जायचं नाही. भेग जिवंत आहे की जुनी, हे कळायला तिच्यावर काचेची पातळ पट्टी आडवी चिकटवून तारीख लिहितात. पट्टी तडकली, तर घर अजून हलतं आहे.

आणि सिमेंटचा नवाकोरा गिलावा दिसला की जास्त सावध व्हा. माती-चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते. तिच्यावर सिमेंटचा थर मारला की ओल आत कोंडते. भिंतीला लोणा लागतो, खार फुटतो आणि आतली माती भुसभुशीत होते. बाहेरून भिंत गुळगुळीत, आतून पीठ. सामायिक भिंत असेल तर शेजाऱ्याचाही विचार करा. उद्या त्याने आपलं घर पाडलं, तर तुमची भिंत कोणाच्या आधाराने उभी राहणार? पलीकडून कधीच गिलावा नसलेली ती भिंत पहिल्या पावसात उघडी पडते.

तिसरं लाकूड. आपल्या गावाचा तान्हा पोळा नावाजलेला. आपल्याकडे घराघरांतले जुने लाकडी नंदी पिढ्यानपिढ्या धडधाकट आहेत. का? वर्षभर घरात कोरड्यात असतात आणि पोळ्याला तेवढे बाहेर निघतात. तेच सागवान खांब होऊन ओल्या जमिनीत उभं राहिलं, की त्याचा पाय कुजतो. सागवानाच्या गाभ्याला वाळवी, म्हणजे आपली उधई, सहसा लागत नाही. पण बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला लागते, आणि ‘सगळं सागवान’ म्हटलेल्या घरात निम्मं आडजात निघतं. म्हणून पेचकस घ्या आणि खांबाचा तळ टोचून पाहा. मयालाची भिंतीत गेलेली टोकं पाहा, कारण लाकूड बहुधा मधल्यापेक्षा टोकाला आधी सडतं. पन्हाळीखालचे फाटे पाहा. भिंतीवरून चढलेल्या मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर उधई वर पोचली असं समजा. रंगाच्या तीन थरांखाली काय आहे हे डोळ्याला दिसत नाही, पेचकसाला लागतं.

चौथं छप्पर. दरवर्षी पावसाळ्याआधी कवेलू फेरण्याची पद्धत होती. आता फेरणारे मिळत नाहीत आणि माकडं दर आठवड्याला येतात. मग कोणी टिनं टाकली, कोणी थेट स्लॅब टाकला. टिनाचं छप्पर हलकं, ते वादळात उडू नये म्हणून नीट बांधलं आहे का पाहा. स्लॅबचं गणित तर करूनच पाहा. १० बाय १० फुटांच्या खोलीवर ४ इंची स्लॅब म्हणजे साडेतेवीस क्विंटलच्या आसपास वजन. कापसाच्या भाषेत सांगितलं की आपल्याला लगेच कळतं. मातीच्या गाऱ्यात बांधलेल्या भिंतीवर एवढा माल कायमचा ठेवला, तर ती किती दिवस धरेल? त्यावर हजार लिटरची पाण्याची टाकी, म्हणजे आणखी १० क्विंटल.

पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, ती म्हणजे मधल्या काळात झालेले फेरबदल. रस्त्याच्या बाजूची भिंत फोडून शटर लावलं असेल, हॉल मोठा करायला मधला खांब काढला असेल. २५ जुलै २०१७ ला मुंबईत घाटकोपरची सिद्धी-साई इमारत कोसळून १७ जण गेले. तळमजल्यावर चाललेल्या कामात खांबांना हात लावल्याचा आरोप त्या प्रकरणात झाला. मोठ्या शहरातली गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. बाजारओळीतल्या जुन्या घराची पुढची भिंत काढताना तीच चूक होते, फक्त मजले कमी असतात. म्हणून मालकाला विचारा, “मूळ घरात आणि आजच्या घरात काय काय बदललं?” आणि त्याचं उत्तर कागदावर घ्या.

विक्रेता हमखास एक वाक्य म्हणतो. “शंभर वर्षं झाली जी, काही नाही झालं. आता काय होते?” हे ऐकायला बरं वाटतं, पण शंभर वर्षं उभं राहिलं ते जुनं घर होतं. भिंत फोडलेलं, स्लॅब चढवलेलं, सिमेंटने लिंपलेलं घर कालचं आहे. त्याची परीक्षा अजून झालेली नाही.

कोणाला बोलवायचं

तुम्ही स्वतः पाहिलंत की अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं जाणकाराचं. इथेही माणूस निवडून घ्यावा लागतो. आपले बहुतेक अभियंते सिमेंट-सळईचं बांधकाम शिकलेले. त्यांची साधनंही त्याचीच, काँक्रीटवर मारायचा हातोडा, काँक्रीटमधून जाणाऱ्या ध्वनिलहरी. माती, चुना आणि सागवान यांना ती साधनं फारशी बोलकी करत नाहीत. अशा अभियंत्याला मातीचं घर दाखवलं तर तो सवयीने म्हणतो, “पाडा आणि नवं बांधा.” तो खोटं बोलत नसतो. त्याच्या पुस्तकात ते घरच नसतं.

याचं मोठं उदाहरण मुंबईत आहे. काळा घोड्याजवळची एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे जुनं वॉटसन हॉटेल. ७ जुलै १८९६ ला ल्युमिए बंधूंचा सिनेमा भारतात पहिल्यांदा तिथे दाखवला गेला. इंग्लंडमधून ओतीव लोखंडाचे भाग आणून उभारलेली ही इमारत मोडकळीला आली. २०१९ मध्ये आयआयटी मुंबईच्या अहवालात ती पाडावी असं म्हटलं गेलं. प्रकरण उच्च न्यायालयात होतं. तिथे वारसा-संवर्धन जाणणाऱ्या तज्ज्ञांनी पाहणी केली आणि दुरुस्त करून ती वाचवता येते असं सांगितलं. इमारत एकच, पाहणारे जाणकार, आणि निष्कर्ष दोन. म्हणून अहवालाच्या शेवटच्या ओळीवर थांबू नका. पाहणी कशी केली, कुठे खणलं, कुठे टोचलं, काय पाहता आलं नाही, हे अहवालात लिहिलं आहे का ते वाचा. ‘इमारत सुस्थितीत आहे’ एवढंच लिहिलेला एक पानी दाखला म्हणजे कागद वाया.

आपल्या जवळ विचारायला जागा आहेत. नागपूरला व्हीएनआयटी आहे. वारसा वास्तूंसाठी काम करणारी इंटॅक ही संस्था आहे. वर्ध्याचं ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र मातीच्या घरांवर अनेक वर्षं काम करत आलं आहे. आणि गावातला जुना सुतार, जुना गवंडी यांना विसरू नका. अभियंता आणि म्हातारा सुतार एकत्र नेले, तर दोघांनाही एकमेकांकडून काही कळतं आणि फायदा तुमचा होतो. नगर परिषदेत जाऊन त्या घराला धोकादायक म्हणून कधी नोटीस निघाली होती का, हेही विचारून घ्या.

अहवाल हातात आल्यावर

मी पाहिलेलं एक घर सांगतो. गाव आणि नाव सांगत नाही. घेणारं जोडपं तरुण होतं, दोघेही नोकरीवाले. घर दिसायला देखणं, माडीचं, नुकतंच रंगवलेलं. मालकाला इसार लगेच हवा होता. दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, असं सांगत होता. मुलीच्या सासऱ्यांनी मात्र हट्ट धरला की आधी तपासणी. दोन दिवस गेले. खांब ठणठणीत निघाले. पण मागच्या बाजूच्या सहा मयालांपैकी चारांची टोकं भिंतीत सडलेली होती, कारण वरची पन्हाळ कित्येक वर्षं फुटकी होती. रंगात काही दिसत नव्हतं. पेचकस दांड्यापर्यंत आत गेला, तेव्हा मालकाचाही चेहरा उतरला. त्यालाही ते माहीत नव्हतं.

पुढे काय झालं? व्यवहार मोडला नाही. दुरुस्तीचा अंदाज काढला, तेवढी किंमत उतरली आणि घर घेतलं गेलं. सडलेली टोकं कापून भिंतीला लागून नवे खांब दिले, पन्हाळ बदलली. आज त्या माडीवर त्यांची मुलं अभ्यास करतात. तपासणी झाली नसती, तर पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात ती माडी कोणाच्या तरी अंगावर आली असती.

म्हणून म्हणतो, तपासणी घर नाकारण्यासाठी नसते. तिच्यातून तीन उत्तरं निघू शकतात. एक, घर धड आहे, निश्चिंत घ्या. दोन, घर दुरुस्त होण्यासारखं आहे, पण खर्च किंमतीतून वजा करून घ्या. तीन, इथे पैसा टाकू नका. तिसरं उत्तर आलं तरी फीचे पैसे वाया गेले असं समजू नका. आयुष्याची कमाई वाचली. इसार देण्याची घाईच असेल, तर इसारपत्रात एक ओळ लिहून घ्या की अभियंत्याच्या तपासणीत गंभीर दोष निघाल्यास इसाराची रक्कम परत मिळेल. ती ओळ लिहायला जो विक्रेता तयार नाही, त्याच्या घराची तपासणी दुप्पट काळजीने करा.

आणि आपली घरं?

हे सगळं ऐकून कोणी म्हणेल, आपण बरे, आपली घरं पक्की. तर दोन तारखा सांगतो. ३१ ऑगस्ट २०१७ ला मुंबईच्या भेंडी बाजारातली हुसैनी इमारत कोसळली आणि ३३ माणसं गेली. ती शंभरी ओलांडलेली होती. २४ ऑगस्ट २०२० ला महाडची तारीक गार्डन कोसळली आणि १६ जण गेले. तिला दहा वर्षंही झाली नव्हती. जुनं म्हणजे पडकं नाही आणि नवं म्हणजे पक्कं नाही. घर किती वर्षांचं आहे यापेक्षा ते कसं बांधलं आणि कसं राखलं, हे महत्त्वाचं.

आपल्या संस्थेची घरं आता पंचविशीत आली. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत तरतूद आहे की १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं संरचनात्मक परीक्षण ५ वर्षांतून एकदा करावं आणि ३० वर्षांवरच्या इमारतीचं ३ वर्षांतून एकदा. सदनिकांच्या इमारतींसाठी हा नियम आहे. स्वतंत्र घरांत राहणारे म्हणतील, आम्हाला तो लागू नाही. कागदावर कदाचित नसेल. पण घराला उपविधी कळत नाहीत, त्याला पाणी कळतं. संडास-न्हाणीखालचा स्लॅब, गच्चीवर टाकीखालची जागा, सज्जाची कड, या ठिकाणी आज घरी गेल्यावर नुसतं वर पाहा. गिलाव्याचे पापुद्रे सुटले असतील, तपकिरी डाग उतरला असेल, तर आतली सळई गंजायला लागली आहे. आज ते हजारांत भागेल, दहा वर्षांनी लाखांत.

संचालक मंडळाला माझी एक विनंती आहे. रौप्यमहोत्सवाची आठवण म्हणून दरवर्षी मृगाआधी एक रविवार ठेवा. एक अभियंता बोलवा. सर्वांनी मिळून संस्थेतली घरं पाहावीत आणि काय दिसलं ते एका वहीत लिहावं. पुढे कोणाला घर विकायचं झालं, तर ती वही घेणाऱ्याच्या हातात ठेवता येईल. आपण घेताना जे कोणी आपल्याला दिलं नाही, ते आपण पुढच्याला देऊ.

आपल्याकडे म्हण आहे, घर पाहावं बांधून. जुनं घर घेणाऱ्याच्या वाट्याला बांधणं येत नाही, ते कोणीतरी आधीच केलेलं असतं. त्याच्या वाट्याला पाहणं तेवढं येतं. ते त्याने नीट करावं, एवढंच सांगायचं होतं.